स्टेज सिक्स म्हणजे काय रे भाऊ?

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस कंपनीच्या कामासाठी जोहान्सबर्गला उतरले आणि पहिल्याच आठवड्यात ऑफिसातली शेजारची मुलगी मीटिंगच्या मधेच फोन बघून म्हणाली, "बाप रे, आपण आता स्टेज फोरवर." माझ्या पोटात धस्स झालं, कारण आपल्याकडे स्टेज फोर हा शब्द एकाच आजाराला लावतात ना. आणि बाकीचे सगळे नुसते हं हं करून आपापले फोन बघायला लागले. दहा मिनिटांनी कळलं की बाई लोडशेडिंगबद्दल बोलतेय.

मी मूळची बार्शीची, त्यामुळे लोडशेडिंगचं मला कुणी काही शिकवावं असं नव्हतं. २००६-०७ ला आमच्याकडे १२-१२ तास लाईट नसायची, दळण कधी टाकायचं ते गिरणीवाला नाही तर एमएसईबी ठरवायची (बोर्डाची महावितरण होऊन वर्ष झालं होतं पण आजही म्हणतं कोण महावितरण), आजी तर शेवटपर्यंत 'लोडशेटिंग' म्हणायची. त्यामुळे मला वाटलं होतं की हे आपलं घरचं प्रकरण आहे. पण तीन वर्षं तिथे काढल्यावर जे समजलं ते वेगळंच होतं आणि इकडे परत आल्यावर जो भेटेल तो विचारतो, "एवढा श्रीमंत देश, सोन्याच्या खाणी, मग लाईट का नाही?" म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय.

आधी लोडशेडिंग म्हणजे नेमकं काय ते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की वीज संपली म्हणून लाईट गेली. वीज टाकीतल्या पाण्यासारखी संपत नाही. रसवंतीत कधी चरकाकडे बघत बसलात का? इंजिन एका लयीत चाललेलं असतं, घुंगरं छन छन एका तालात वाजत असतात. एक ऊस घातला, दोन घातले, ताल तोच. आता चार जाडजूड ऊस एकदम कोंबले की घुंगरं मंदावतात, इंजिन कण्हायला लागतं, आणि त्या क्षणी तो माणूस काय करतो? एक-दोन ऊस मागे ओढतो. ते मागे ओढणं म्हणजे लोडशेडिंग. विजेच्या ग्रिडची घुंगरं म्हणजे फ्रिक्वेन्सी, आपल्याकडे ५० हर्ट्झ आणि तिकडेही ५० च. देशभरातली सगळी मोठी जनित्रं या एका तालात फिरत असतात, मागणी जास्त झाली आणि निर्मिती कमी पडली की ताल मंदावतो, ४९ च्या खाली जायला लागला की कंट्रोल रूममध्ये घाम फुटतो, आणि अजून खाली गेला तर जनित्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडतात. एक बंद पडलं की त्याचा भार बाकीच्यांवर, मग दुसरं, मग तिसरं, असं करत सगळा देश अंधारात.

आपल्याकडे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला हेच झालं होतं, उत्तर आणि पूर्व भारत बसला, ३१ तारखेला ६० कोटींच्या वर लोक अंधारात होते. महाराष्ट्र पश्चिम ग्रिडमध्ये, तो तेव्हा वाचला. आणि मग शेजारच्या ग्रिडमधून वीज घेत घेत उत्तर भारत दिवसभरात परत उभा राहिला. दक्षिण आफ्रिकेची गोची इथेच आहे, त्यांना आधार देईल असा मोठा शेजारीच नाही. मोझांबिकच्या काहोरा बासा धरणातून हजारभर मेगावॅट येतात, तेवढंच. उलट बोत्सवाना, लेसोथो, इस्वातिनी हेच वर्षानुवर्षं दक्षिण आफ्रिकेच्या विजेवर बऱ्यापैकी अवलंबून. म्हणजे तिथे ग्रिड एकदा बसलं की शून्यातून उभं करायचं, आणि कोळशाचं केंद्र चालू करायला पण आधी वीज लागते (कोळसा दळायच्या चक्क्या, पंखे, पंप), म्हणून तिथले इंजिनिअर म्हणायचे की काही दिवस ते दोन आठवडे सहज. दोन आठवडे पूर्ण देशात वीज नाही! ते टाळण्यासाठी रोज थोडा थोडा ऊस मागे ओढायचा.

किती ओढायचा ते म्हणजे स्टेज. हिशोब सोपा आहे, एक स्टेज म्हणजे १००० मेगावॅट. स्टेज २ म्हणजे देशभरातून २००० मेगावॅटची मागणी कापली, स्टेज ६ म्हणजे ६०००. प्रत्येक भागाला आळीपाळीने दोन-दोन तासांचा (वर स्विचिंगचा अर्धा तास) नंबर लागतो, स्टेज वाढली की नंबर लवकर लवकर फिरून येतो. स्टेज २ ला दिवसातून एखाद-दोन वेळा, स्टेज ६ ला मात्र तीन-चार वेळा आणि त्यातला एखादा डबल. यासाठी एक ॲप आहे, एस्कॉमसेपुश नावाचं, एस्कॉम म्हणजे तिथली सरकारी वीज कंपनी आणि बाकीचं नाव ही आफ्रिकान्समधल्या एका शुद्ध शिवीवरची कोटी आहे जी मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली होती, असो. ५५ मिनिटं आधी फोनवर सूचना यायची आणि सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये एकदम कुकर, किटली, मोबाईल चार्जर.

आता गंमत बघा. मी राहत होते सनिंगहिलला. तिथेच मेगावॅट पार्क आहे, म्हणजे एस्कॉमचं हेडऑफिस. घरापासून चालत पंधरा मिनिटं. माझ्या गॅलरीत मेणबत्ती आणि समोर मेगावॅट पार्क.

बरं, एवढी वीज कमी का पडली? तिथे एक टेप सारखी ऐकायला मिळते, खास करून जुन्या गोऱ्या लोकांकडून, की वर्णभेद संपला, सगळ्यांना कनेक्शनं दिली म्हणून वीज पुरेना. ऐकायला पटण्यासारखं वाटतं, कारण १९९० च्या सुमाराला जेमतेम तिसरा हिस्सा घरांत वीज होती आणि आज दहातल्या जवळपास नऊ घरांत आहे. पण गरीब घरातले दोन बल्ब, एक टीव्ही आणि शेगडी यांनी देश बुडत नाही, खाणी आणि अॅल्युमिनियमच्या भट्ट्या खरी वीज खातात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे २००७ च्या मानाने एस्कॉमची वीजविक्री वाढलेलीच नाही, उलट कमी झालीये. मागणी वाढली म्हणून लाईट गेली असं झालंच नाही. मागणी होती तिथेच राहिली आणि पुरवठा खाली कोसळला.

१९९८ मध्ये सरकारच्याच धोरणपत्रात लिहिलं होतं की नवी केंद्रं बांधली नाहीत तर २००७ च्या आसपास जादा वीज संपेल. वर्ष सुद्धा बरोबर सांगितलं होतं राव! पण तेव्हा जगभर खाजगीकरणाचं वारं होतं, सरकार एस्कॉमला म्हणालं तू बांधू नकोस, खाजगीवाले येऊन बांधतील. खाजगीवाले काही आले नाहीत, कारण एस्कॉमची वीज तेव्हा जगातल्या सगळ्यात स्वस्त विजांपैकी, त्या दरात कोण कशाला बांधेल? (आपण दाभोळला एन्रॉन आणून बरोबर उलट्या बाजूने तोंड पोळून घेतलं, तिथे वीज इतकी महाग होती की घ्यायलाच परवडेना आणि २००१ ला प्रकल्प बंद.) इकडे २००५ च्या डिसेंबरात केपटाऊनजवळच्या कुबर्ग अणुकेंद्रात एका सुट्ट्या बोल्टने जनित्राची वाट लावली, एक बोल्ट, आणि २००६ च्या सुरुवातीला केपटाऊन परिसरात आठवडेच्या आठवडे वीज जात होती, बदली रोटर (जनित्राचा फिरता भाग) फ्रान्सहून बोटीने आणावा लागला. एका युनिटच्या जाण्याने अख्खा प्रांत अडतो म्हणजे हाताशी शिल्लक काही उरलेलं नाही. २००७ च्या शेवटी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकींनी जाहीर कबूल केलं की एस्कॉमचं बरोबर होतं, चूक सरकारची. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००८ ला, सोन्याच्या आणि प्लॅटिनमच्या खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या, कारण शेकडो मीटर खाली माणसं असताना लिफ्टची वीज गेली तर काय.

मग घाईघाईत दोन राक्षसी केंद्रं काढली, मेदुपी आणि कुसिले, प्रत्येकी ४८०० मेगावॅटच्या आसपास. घाईत काढलेलं घर कसं होतं ते सांगायला नको. डिझाईन पूर्ण नसताना काम सुरू, बॉयलरमध्ये दोष, संप, किंमत दुपटीच्या पार पुढे. मेदुपीचं शेवटचं युनिट जुलै २०२१ च्या अखेरीला रीतसर पूर्ण झालं आणि आठवडाभरात तिथल्याच चौथ्या युनिटच्या जनित्रात स्फोट झाला! जनित्र थंड ठेवायला आत हायड्रोजन असतो, तो काढताना पद्धत पाळली नाही आणि हवा मिसळली. ते युनिट परत चालू व्हायला २०२५ उजाडलं. कुसिलेत २०२२ च्या ऑक्टोबरात धुराड्याचा डक्ट कोसळला, तीन युनिटं एका फटक्यात गेली, म्हणजे २००० मेगावॅट, म्हणजे दोन स्टेज. असा हिशोब आम्ही सगळेच करायचो, बातमी आली की आधी मेगावॅट विचारायचे आणि स्टेजमध्ये भागायचे.

पण माझ्या मते खरा घात नव्या केंद्रांनी नाही, जुन्यांनी केला. एसटीचा डेपो डोळ्यासमोर आणा. नव्या गाड्या येईनात, म्हणून जुन्यांना रोज डबल फेऱ्या. सर्व्हिसिंगला गाडी लावायची म्हटलं की डेपो मॅनेजर म्हणतो आत्ता नको, यात्रा आहे, नंतर. २०१० च्या फुटबॉल वर्ल्ड कपला जगासमोर लाज जाऊ नये म्हणून दुरुस्त्या पुढे ढकलल्या, मग निवडणूक आली म्हणून ढकलल्या. कोळशाची बहुतेक केंद्रं सत्तर-ऐंशीच्या दशकातली. शेवटी काय झालं, कागदावर एस्कॉमकडे ४५ हजारांच्या वर मेगावॅट, थंडीतल्या संध्याकाळची मागणी साधारण ३२-३४ हजार. बघा, वीज पुरून उरायला पाहिजे. पण २०२३ ला प्रत्यक्षात सरासरी ५५ टक्केच यंत्रं चालू अवस्थेत होती. डेपोत १०० गाड्या आणि रस्त्यावर ५५, बाकीच्या चाकं काढून उभ्या.

आणि वर चोरी. यात आपली पण एक लाज आहे, मूळचे सहारनपूरचे आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतले उद्योजक गुप्ता बंधू. राष्ट्राध्यक्ष झुमांच्या काळात सरकारी कंपन्या कशा पोखरल्या याची चौकशी न्यायमूर्ती झोंडोंच्या आयोगाने केली, त्यात एस्कॉमचं मोठं प्रकरण आहे. गुप्तांशी संबंधित कंपनीने २०१६ ला ऑप्टिमम ही कोळशाची खाण घेतली आणि ऐन खरेदीच्या वेळेला एस्कॉमने त्यांना पुढच्या कोळशाचे ६० कोटींहून जास्त रँड आगाऊ मोजले, म्हणजे दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईकानेच पैसे दिले. (सुरुवातीला मी भारतीय आहे म्हटल्यावर टॅक्सीवाले हसून "गुप्ता?" विचारायचे, मी म्हणायचे नाही हो, आम्ही साधे लोक.) खालच्या पातळीवर तर ट्रकमधला चांगला कोळसा वाटेत उतरवून दगडगोट्यांचा भरायचा आणि तो केंद्राच्या चक्कीत गेला की चक्कीचे तीन तेरा. २०२० ला आलेले सीईओ आंद्रे द रायटर यांनी हे उकरायला घेतलं, डिसेंबर २०२२ मध्ये राजीनामा दिला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसातल्या कॉफीतून आपल्यावर सायनाइडचा प्रयोग झाला असं त्यांचं म्हणणं आहे, नंतर टीव्हीवर मुलाखत दिली आणि मुदतीआधीच बाहेर.

२०२३ हे सगळ्यात वाईट वर्ष. ३३० पेक्षा जास्त दिवस लोडशेडिंग. फेब्रुवारीत राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, मार्चमध्ये खास वीजमंत्री नेमला. जोहान्सबर्गची थंडी आपल्या नाशिक-निफाडपेक्षा वाईट, पहाटे शून्याच्या खाली पण जातं कधी कधी, आणि घरात हीटरची लाईट नाही. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपली की नेटवर्क गायब (बॅटऱ्याच चोरीला गेल्या असतील तर लगेच). सिग्नलला तिकडे 'रोबोट' म्हणतात, तर रोबोट बंद, आणि चौकात एखादा फाटक्या जॅकेटवाला बेघर माणूस हातात रंगीत कापड घेऊन ट्रॅफिक सोडतोय, तोही बऱ्यापैकी शिस्तीत, लोक खिडकीतून दोन-पाच रँड देतात.

एक गोष्ट मात्र मला तिथे बघून एकदम घरी गेल्यासारखं वाटलं. लाईट आली की दहा मिनिटांत परत जायची, आणि या वेळेला वेळापत्रकाशिवाय. का? तर गीझर. तिकडचा गीझर आपल्या बाथरूममधल्या १५ लिटरच्या डब्यासारखा नाही, छताच्या आत आडवी ठेवलेली १५० लिटरची टाकी, ३ किलोवॅटची, चोवीस तास चालू. अडीच तासांत सगळ्या कॉलनीचं पाणी गार, लाईट आली की शेकडो गीझर एकाच सेकंदाला सुरू, ट्रान्सफॉर्मरची बोंब. एस्कॉम कळकळीने सांगायची, गीझर बंद करून ठेवा, लाईट आल्यावर थोडं थांबा. आता आमच्या शिवारात काय व्हायचं? रात्री दोनला लाईट येणार, कोण उठणार, म्हणून प्रत्येकाने मोटरीच्या स्टार्टरला 'ऑटो' बसवलेलं, लाईट आली की सगळ्या मोटारी एकदम आणि डीपी (शिवारातला ट्रान्सफॉर्मर) जळाली. मग वर्गणी काढा, डीपी ट्रॅक्टरवर घाला, दुरुस्तीला न्या. तिथल्या इंजिनिअर मित्राला मी हे ऑटोचं प्रकरण समजावून सांगितलं तर तो इतका हसला, म्हणाला आमचा गीझर म्हणजे तुमचा ऑटोच.

केपटाऊनला फिरायला गेले तेव्हा बघितलं, देशात स्टेज ४ आणि त्यांच्याकडे २. तिथल्या महापालिकेचं स्टीनब्रासला स्वतःचं पाण्याचं केंद्र आहे, रात्री मागणी कमी असताना पाणी पंपाने वरच्या तलावात चढवायचं आणि दिवसा सोडून वीज करायची, आपल्या भंडारदऱ्याजवळच्या घाटघरसारखं. जोबर्गवाले त्यावरून फार जळतात.

पण लोडशेडिंगचं कारण सगळीकडे हेच असेल असं समजू नका. २०२४ च्या ऑक्टोबरात व्हिक्टोरिया फॉल्स बघायला झांबियाच्या बाजूने, लिव्हिंगस्टनला गेले. धबधबा कसला, त्या बाजूला नुसता काळा कडा, एखादी धार. झांबियाची ८० टक्क्यांच्या वर वीज पाण्यावर, त्यातला मोठा वाटा झांबेझीवरच्या करिबा धरणाचा, आणि तो दुष्काळ इतका भयानक होता की फेब्रुवारीतच राष्ट्रीय आपत्ती जाहीर झालेली. काही भागांत दिवसाला जेमतेम तीन तास वीज. पूर्ण गाव जनरेटरच्या धडधडीवर चाललेलं, न्हाव्याचं दुकान, वेल्डिंगवाला, सगळे. तिथे यंत्रं चांगली होती हो, पाणीच नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत कोळशाचे डोंगर होते, यंत्रं नव्हती. दोन्हीकडे शब्द एकच, लोडशेडिंग.

दक्षिण आफ्रिकेत मात्र २६ मार्च २०२४ ला ते थांबलं आणि जानेवारी २०२५ संपेपर्यंत सलग ३०० च्या वर दिवस आलंच नाही. (नंतर फेब्रुवारीत आणि मग मेपर्यंत अधूनमधून आलं, एकदा तर थेट स्टेज ६.) मे २०२४ ला निवडणूक होती त्यामुळे आम्ही सगळे म्हणत होतो की डिझेल जाळून जाळून मतदानापर्यंत ताणतील. मतदान झालं, सत्तेतल्या एएनसी पक्षाचं बहुमत तीस वर्षांत पहिल्यांदा गेलं, आणि लाईट तरीही राहिली. कुसिलेची युनिटं परत आली होती, दुरुस्त्या खरंच वेळेवर झाल्या होत्या, सरकारने एस्कॉमच्या कर्जातले २५४ अब्ज रँड स्वतःच्या अंगावर घ्यायचं ठरवलं होतं. आणि चौथं कारण छपरांवर होतं. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी सोलर बसवून घेतलं, देशभर ५००० मेगावॅटच्या पुढे, म्हणजे मोजा, पाच स्टेज, अर्थात फक्त ऊन असताना. त्यांचं बिल कमी झालं, आणि ग्रिडचा खर्च मात्र तेवढाच, तो उरलेल्यांच्या बिलात. दर २०२३ ला १८.६५ टक्क्यांनी वाढले, पुढच्या वर्षी १२.७ टक्क्यांनी.

उरलेले म्हणजे कोण ते मला आमच्याकडे आठवड्यातून दोनदा कामाला येणाऱ्या मावशींमुळे कळलं. त्या डीपस्लूटला राहायच्या, पत्र्यांच्या घरांची मोठी वस्ती. ऑफिसात लोडशेडिंगमुक्तीच्या १०० दिवसांचा केक कापला त्या आठवड्यात त्या नेहमीसारखा चार्जिंगचा दिवा घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात लावून ठेवला. म्हटलं आता कशाला? तर म्हणाल्या आमच्याकडे लोडशेडिंग नाही, 'लोड रिडक्शन' आहे. वस्तीत आकडे टाकलेत, ट्रान्सफॉर्मरवर क्षमतेच्या कितीतरी पट भार, तो उडतो, म्हणून एस्कॉम ऐन गर्दीच्या वेळेला, सकाळी पाच ते नऊ आणि परत संध्याकाळी, तेवढी वस्तीच बंद ठेवते, पैसे भरणारे न भरणारे सगळे. देशात वीज भरपूर असली तरी. आकडेवाल्यांना तिकडे 'इझिन्योका' म्हणतात, झुलूमध्ये साप. मावशी प्रीपेड मीटरमध्ये वीस आकडी नंबर टाकून वीज भरायच्या, पण शेजारी साप. आपल्याकडे पण गळती आणि थकबाकी बघूनच फीडरची गटवारी व्हायची, ए गटाला कमी, जी गटाला जास्त, त्यामुळे मला हे नवीन नव्हतं, फक्त बार्शी सोडल्यावर ते परत भेटेल असं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात सामान आवरताना इन्व्हर्टर विकायला काढला, दोन महिने जाहिरात लावून कुणी फोन केला नाही, सगळेच विकत होते. शेवटी मावशींना विचारलं. त्यांचा भाचा 'बाकी' घेऊन आला (छोट्या टेम्पोला तिकडे बाकी म्हणतात) आणि दोघांनी मिळून तो खाली नेला. किती वेळ चालतो विचारलं. म्हटलं दोन दिवे आणि टीव्ही लावला तर तीन तास. त्यांनी बोटांवर पाच ते नऊ मोजले आणि म्हणाल्या, "चालेल, तेवढी एक मेणबत्ती आहे."